शाळेचा लॅपटॉप घरी येतो तेव्हा

(१९८८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, शाळेला लॅपटॉप सुपूर्द करण्याच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. बोलताना झालेलं थोडं पाल्हाळ इथे कमी केलं आहे.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे: 'विद्यार्थ्यांनी शाळेचा संगणक जबाबदारीने कसा वापरावा'. देताना हेही सांगितलं की मुलांना चार गोष्टी सांग. समोर पाहते तर मुलं पुढच्या दोन रांगांत आहेत आणि उरलेला हॉल आपणच भरलाय, केस पिकलेले आणि चष्मे लागलेले. तेव्हा मुलांसाठीचं मी सांगेनच, पण माझं निम्मं बोलणं मोठ्यांशी आहे. लॅपटॉप मुलांच्या हातात जाणार असले तरी तो कसा वापरला जाईल हे बरंचसं आपण आज काय ठरवतो त्यावर अवलंबून आहे.

ज्यांची माझी गाठ बऱ्याच वर्षांनी पडते आहे त्यांच्यासाठी सांगते. मी पुण्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक केंद्रात सत्तावीस वर्षं काम करते. शिकवत नाही. यंत्रं चालू ठेवायची, मुलांना खाती उघडून द्यायची, बिघडलेलं दुरुस्त करायचं आणि "मॅडम, माझी फाइल गेली" हे रोज किमान एकदा ऐकायचं, एवढंच काम. पण त्यामुळे हजारो मुलं यंत्रासमोर कशी वागतात हे अगदी जवळून पाहायला मिळालं. त्या भांडवलावर बोलते आहे.

हिशेब असा आहे. नववीच्या दोन तुकड्या मिळून चौऱ्याऐंशी मुलं. आपण दिलेले लॅपटॉप तीस, आणि तेही कोरे नाहीत. एका कंपनीने वापरून बाजूला काढलेले, आपण नवीन बॅटरी आणि नवीन डिस्क घालून तयार केलेले. म्हणजे ढोबळमानाने तीन मुलांत एक. मुख्याध्यापकांचा विचार असा की ते शाळेच्या खोलीत बंद ठेवण्याऐवजी आळीपाळीने घरी द्यावेत, एका मुलाकडे एक आठवडा, मग पुढच्याकडे. हा विचार आपल्या ग्रुपवर टाकला त्या दिवशी दोनशे मेसेज पडले. एरवी दोनशे मेसेज फक्त कुणाच्या तरी वाढदिवसाला पडतात! अर्ध्यांचं म्हणणं, घरी दिले तर महिन्याभरात भंगार होईल. काहींचं म्हणणं, पोरं नको ते बघतील. एकाने सुचवलं की प्रत्येकी हजार रुपये अनामत घ्या, मग बघा कशी सांभाळतात.

या तिन्ही गोष्टींत तथ्य आहे. तरीही मी मुख्याध्यापकांच्या बाजूची आहे.

आपल्या शाळेत सूक्ष्मदर्शक होता, आठवतं? प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला. तो बाहेर निघालेला मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा तपासणीसाठी साहेब आलेले होते. कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशींची आकृती मात्र आपण सगळ्यांनी काढली, फळ्यावरून. सर समोर बसलेत, हसताहेत. सरांचा यात काही दोष नव्हता. शाळेतली प्रत्येक टिकाऊ वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते आणि कुणातरी एका माणसाच्या नावावर राहते. भिंग फुटलं तर उत्तर त्याने द्यायचं. अशा वेळी कोणताही शहाणा माणूस वस्तू कपाटात ठेवून किल्ली खिशात ठेवतो. वस्तू सुरक्षित राहते आणि रजिस्टर चोख राहतं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' अशी एक जागतिक चळवळ २००५ च्या सुमारास सुरू झाली. हिरव्या-पांढऱ्या रंगाचं छोटं, दणकट यंत्र, खास मुलांसाठी बनवलेलं. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैरात या छोट्या गावाच्या एकशिक्षकी शाळेतही २००७ मध्ये त्याचा प्रयोग झाला होता. त्या चळवळीचं पहिलंच तत्त्व असं की यंत्र मुलाचं, त्याने ते घरी न्यायचं. सर्वांत मोठ्या प्रमाणावर ही यंत्रं गेली दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, आठ लाखांहून जास्त. २०१२ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गणित आणि भाषेच्या परीक्षेतल्या गुणांत काही फरक पडलेला दिसला नाही. आणि ज्यांना यंत्रं मिळाली होती त्यांतल्या निम्म्याहून कमी मुलांनी ती घरी नेली होती. कारण? हरवलं किंवा मोडलं तर भरून कोण देणार, ही शाळेला भीती आणि तीच आईबापांना भीती. म्हणजे आपल्या कपाटाची किल्ली पेरूमध्येही होती.

म्हणून अनामतीला माझा विरोध आहे. हजार रुपये भरू शकणाऱ्या घरात बहुधा आधीच एक संगणक असतो. ज्या घरात हजार रुपये म्हणजे किराण्याचा प्रश्न, तिथली आई म्हणेल, "नको बाळा, घेऊ नकोस." किंवा अनामत भरलीच, तर लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवला जाईल आणि सोमवारी जसाच्या तसा परत येईल. आपल्या घरांत टीव्ही आला तेव्हा त्याला शिवलेलं झालरीचं आवरण अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. त्याऐवजी आपल्या तुकडीने जमवलेल्या रकमेतले पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवले आहेत. अपघाताने मोडलं तर त्यातून दुरुस्त होईल, मुलाकडून एक पैसा घ्यायचा नाही. मुद्दाम मोडलं किंवा विकलं, तर तो वेगळा प्रश्न, तो शाळा पालकांना बोलावून सोडवेल. अट एकच: जे झालं ते त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायचं. या सांगण्याच्या अटीकडे मी नंतर परत येणार आहे, कारण माझ्या मते सगळं तिथेच आहे.

आता मुलांनो, तुमच्याशी.

लॅपटॉप उंचावरून पडून फुटतो असं तुम्हाला वाटत असेल. पडूनही फुटतो. पण आमच्याकडे येणाऱ्या फुटक्या पडद्यांपैकी कित्येक एका पेन्सिलीने फोडलेले असतात. लिहिता लिहिता पेन्सिल किंवा इअरफोन कीबोर्डवर ठेवला आणि झाकण मिटलं, की कट्. झाकण मिटण्याआधी कीबोर्डवरून एकदा हात फिरवायचा, एवढीच सवय. उचलताना पडद्याच्या कोपऱ्याला धरून उचलायचा नाही, बिजागरी ढिली होते आणि बिजागरीबरोबर आतली वायरही जाते. चार्जर काढताना वायरीला हिसका द्यायचा नाही, पिन धरून काढायचा. वायर चार्जरभोवती करकचून गुंडाळायची नाही, ती मानेजवळच तुटते. गादीवर किंवा गोधडीवर ठेवून वापरायचा नाही, कारण खालच्या भोकांतून त्याला श्वास घ्यायचा असतो. पाटावर ठेवा, पोळपाट घेतलात तरी चालेल, आईला विचारून.

पावसाळ्यात दप्तरात ठेवताना आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा. तरी भिजलाच, तर चालू होतो का हे बघायचं नाही. सगळ्यात जास्त यंत्रं भिजून मरत नाहीत, भिजल्यावर 'बघू तरी' म्हणून चालू केल्याने मरतात. चार्जर काढायचा, बंद करायचा आणि तसाच शाळेत आणायचा. वीज कडाडत असेल तर चार्जर भिंतीतून काढून ठेवायचा. आणि एक महत्त्वाचं, हे विसरू नका: खालचा भाग फुगलेला दिसला किंवा बोटाने सरकवायची पाटी वर उचललेली वाटली, तर बॅटरी फुगली आहे. ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला लावायची नाही. लगेच बंद करून मोठ्यांना सांगायचं. बॅटऱ्या आम्ही नव्या घातल्या आहेत, तरीही सांगते.

पेनड्राइव्ह. आपल्या गावात झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला की फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागतात, हे तुमच्या मोठ्या भावंडांना विचारा. त्या दुकानदाराचा बिचाऱ्याचा काही वाईट हेतू नसतो, दिवसभरात शंभर पेनड्राइव्ह त्याच्या यंत्राला लागतात. छापायला फाइल न्यायची तर शाळेने दिलेल्या वेगळ्या पेनड्राइव्हवर न्या आणि परत आल्यावर तो आधी तपासून घ्या. 'फुकट' मिळणारे, कुलूप तोडलेले गेम टाकायचे नाहीत. फुकट गेमच्या पोटात काय बसलंय हे गेम देणारा सांगत नाही.

इथपर्यंतचं सोपं होतं. यंत्राची काळजी दोन आठवड्यांत अंगवळणी पडते. अवघड आहे ते एक यंत्र तिघांनी वापरणं.

आपल्या वाचनालयात पुस्तक घेताना एक रिवाज होता. पान फाटलेलं असेल तर घेतानाच बाईंना दाखवायचं, नाहीतर ते तुमच्या नावावर. तसंच इथे करायचं आहे. सोमवारी मधल्या सुट्टीत देणारा आणि घेणारा दोघांनी मिळून लॅपटॉप उघडायचा. पडदा, कीबोर्ड, चार्जर, झाकण बघायचं. वहीत दोघांनी सही करायची. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते शिक्षकांनी करायचं नाही, मुलांनीच करायचं. पोरं एकमेकांची तपासणी कोणत्याही साहेबापेक्षा कडक करतात.

हे झालं बाहेरचं. आतमध्ये प्रत्येक यंत्रावर तिघांची तीन वेगळी खाती आहेत. आपल्याच खात्यातून आत जायचं, आपल्याच खात्यात काम करायचं आणि उठताना बाहेर पडायचं. नुसतं झाकण मिटणं म्हणजे बाहेर पडणं नाही. ब्राउझर विचारतो, पासवर्ड लक्षात ठेवू का? यंत्र सामाईक असताना उत्तर नेहमी 'नको'. पासवर्ड जिवलग मैत्रिणीलाही सांगायचा नाही. मैत्रिणीवर अविश्वास म्हणून नाही; उद्या काही झालं तर पहिला संशय तिच्यावर जाईल आणि मैत्री तिथेच संपेल, म्हणून. आणि दुसऱ्याचा पासवर्ड कळला तरी वापरायचा नाही. गंमत म्हणूनही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ क हे कलम आहे: दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तुमच्या वयाच्या मुलांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, पण जातं. कुणाचा खाजगी फोटो त्याच्या संमतीविना काढणं, पुढे पाठवणं यालाही वेगळं कलम आहे.

गृहपाठ यंत्राकडून लिहून घेण्याबद्दल मला इथे बोलायचं नाही. आपल्या काळी गाईड होतं, आता हे आहे. त्याचा बंदोबस्त कसा करायचा हे बाईंना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तोंडी दोन प्रश्न विचारले की गाईडवाला आणि यंत्रवाला दोघेही उघडे पडतात.

आता पुन्हा मोठ्यांकडे वळते. 'पोरं नको ते बघतील' या भीतीवर दोन उपाय लोकांना लगेच सुचतात: कुलूप घाला आणि पहारा ठेवा. दोन्हींचा अनुभव जगात येऊन गेला आहे.

कुलपाची गोष्ट लॉस एंजेलिसची. २०१३ मध्ये तिथल्या शाळांनी मुलांना आयपॅड वाटले. घरी नेले तरी फक्त शाळेने परवानगी दिलेल्याच गोष्टी उघडतील, अशी व्यवस्था करून दिले. काही दिवसांतच जवळपास तीनशे मुलांनी ती व्यवस्था काढून टाकली. त्यासाठी फार हुशारीही लागली नाही. सेटिंगमध्ये जाऊन शाळेची प्रोफाइल पुसून टाकायची, झालं. मग शाळांनी आयपॅड घरी नेणंच थांबवलं. आपल्या तीस लॅपटॉपवर मी फिल्टर घातला आहे. तो हवाच. लहान मुलाच्या समोर चुकून घाण येऊ नये एवढं काम तो करतो. पण फिल्टर घातला म्हणजे आपली काळजी संपली असं कुणी समजू नये. पंधरा वर्षांच्या मुलाला रिकामी दुपार मिळाली तर तो माझा फिल्टर ओलांडेल, हे मी लिहून देते.

पहाऱ्याची गोष्ट जास्त गंभीर आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात लोअर मेरियन नावाचा शाळांचा जिल्हा आहे, श्रीमंत, नावाजलेला. त्यांनी हायस्कूलच्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला. चोरीला गेला तर सापडावा म्हणून त्यात एक सोय घातली: लांबून कॅमेरा सुरू करून फोटो काढण्याची. मुलांना आणि पालकांना हे सांगितलंच नाही. २०१० च्या फेब्रुवारीत एका मुलाच्या पालकांनी दावा लावला, कारण शाळेने त्यांच्या मुलाला बोलावून तो घरी काय करतो याबद्दल विचारणा केली आणि पुरावा म्हणून त्याच लॅपटॉपने त्याच्या खोलीत काढलेला फोटो दाखवला. चौकशीत निघालं की अशा प्रकारे मुलांच्या लॅपटॉपवरून छप्पन हजारांहून जास्त फोटो आणि पडद्यांची चित्रं साठली होती. कुणी झोपलेलं, कुणी कसंही. शेवटी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सहा लाख दहा हजार डॉलरवर तडजोड झाली.

त्या शाळेत कुणी राक्षस बसलेले नव्हते. चोरी पकडण्यासाठी केलेली सोय होती. पण एकदा डोळा लावला की तो बंद करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून आपल्या यंत्रांवर लांबून बघण्याची कोणतीही सोय मी घातलेली नाही, आणि कॅमेऱ्यावर सरकती झाकणी चिकटवली आहे. शाळेला माझी विनंती आहे की एका पानावर मराठीत साफ लिहावं: शाळेला काय दिसतं आणि काय दिसत नाही. परत आलेल्या यंत्राची तपासणी होणार असेल तर ती मुलासमोर होईल. कॅमेरा आणि माइक शाळा कधीही सुरू करणार नाही. आपल्या देशातही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आहे आणि त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे. पण कायदा बाजूला ठेवा. चौदा वर्षांच्या मुलीच्या खोलीत आपण दान केलेली वस्तू उघडी पडलेली असणार, एवढं डोळ्यांपुढे आणा.

मग उरतं काय? कुलूप अपुरं, पहारा नको. उरतं ते मघाशी सोडून दिलेलं सांगणं.

आमच्या केंद्रातली एक घटना सांगते. बरीच वर्षं झाली. पहिल्या वर्षाची एक मुलगी, लहान गावातून आलेली, घरात कॉलेजला जाणारी पहिलीच. सामाईक यंत्रावर तिचं ईमेल उघडं राहिलं. तिच्यानंतर बसलेल्या कुणीतरी तिच्या नावाने वर्गातल्या मुलांना घाणेरडी पत्रं पाठवली. ती तीन दिवस वर्गात आली नाही. चौथ्या दिवशी तिने कुणाला सांगितलं? शिक्षकांना नाही, मला नाही. खोली झाडायला येणाऱ्या मावशींना. मावशी तिचा हात धरून माझ्याकडे घेऊन आल्या.

मी तिला विचारलं, आधी का नाही आलीस? तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे केंद्राचा जुना फलक होता, नियमांचा. सातवा नियम: खातं उघडं ठेवून जाणाऱ्यास पंधरा दिवस प्रवेश बंद. तिच्या पुढच्या आठवड्यात परीक्षा होत्या, आणि संगणक तिला दुसरा कुठेच मिळणार नव्हता. जिच्यावर अन्याय झाला तिलाच तो नियम गप्प बसवत होता. करणाऱ्याला मात्र पुरेपूर ठाऊक होतं की ती बोलणार नाही. फलक आम्ही त्याच आठवड्यात उतरवला. पत्रं पाठवणारा सापडला, तीन दिवस आधी कळलं असतं तर दहा पट लवकर सापडला असता, कारण तोवर अर्ध्या नोंदींवर नव्या नोंदी चढल्या होत्या.

तेव्हापासून संगणकाचा कोणताही नियम वाचताना मी एकच गोष्ट बघते. ज्याला त्रास झाला त्याला हा नियम बोलायला लावतो की गप्प करतो? 'अनोळखी माणसाशी बोललात तर लॅपटॉप काढून घेऊ' हा नियम ऐकायला फार चांगला आहे. पण एखाद्या मुलीशी कुणी गोड बोलून ओळख वाढवली, फोटो मागितला आणि आता तोच फोटो दाखवून धमक्या देतोय, तर ती हा नियम वाचून काय करेल? आईला सांगितलं तर मोबाइल जाईल, शाळेत सांगितलं तर लॅपटॉप जाईल, आणि आपल्या गावात हेही बोलून टाकते, घरी फार कळलं तर शाळाच जाईल. धमकी देणारा नेमका याच हिशेबावर बसलेला असतो. मुलग्यांचं वेगळं, गेमच्या नादात वडिलांच्या खात्यातून पैसे गेलेले असतात आणि मार बसेल म्हणून ते आणखी पैसे घालून आधीचे सोडवू बघतात.

म्हणून मी शाळेला सुचवलेला पहिला नियम असा आहे: जो स्वतःहून येऊन सांगेल, त्याचं यंत्र काढून घेतलं जाणार नाही आणि त्याची पाळी चुकणार नाही. काहीही झालेलं असो. त्याची स्वतःची थोडी चूक असो, पुष्कळ असो. आधी मदत, समज नंतर द्यायची. आणि सांगायचं कुणाला, तर दोन माणसं नेमलेली असावीत, त्यांत एक बाई असावी आणि शक्यतो त्यांच्यापैकी कुणी वर्गशिक्षक नसावं, कारण वर्गशिक्षकांकडे गुण असतात. शाळेबाहेर सांगावंसं वाटलं तर मुलांसाठी १०९८ आहे. पैशाची फसवणूक झाली तर १९३०, आणि तिथे जितका लवकर फोन कराल तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त. हे दोन्ही आकडे प्रत्येक लॅपटॉपच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत.

माझा एक वर्गमित्र ग्रुपवर म्हणाला की असं केलं तर पोरं सोकावतील. सोकावतील एक-दोन. वर्षातून दोघांनी खोटी सबब सांगून स्वतःला वाचवलं, तर ते मला परवडतं. एक मुलगी तीन दिवस गप्प बसली, हे परवडत नाही.

घरच्या वापराबद्दल थोडं. हा लॅपटॉप पुष्कळ घरांत पहिलाच संगणक असणार आहे. तो आला की दादाला सिनेमा बघायचा असतो, काकांना सातबारा काढायचा असतो, शेजारच्या ताईला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो. 'फक्त विद्यार्थ्यानेच वापरावा' असं छापून पहिल्याच दिवशी सगळ्या घराला खोटं बोलायला लावण्यात अर्थ नाही. म्हणून प्रत्येक यंत्रावर 'घर' नावाचं चौथं खातं आहे. सातबारा तिथून काढा, अर्ज तिथून भरा. मुलाच्या खात्यात मात्र कुणी शिरायचं नाही, वडिलांनीसुद्धा सहज म्हणून नाही. पालक सभेत मला यावर स्वतंत्र बोलायचं आहे, विशेषतः मुलींच्या पालकांशी. मुलीच्या पाळीचा आठवडा आणि लॅपटॉप भावाच्या मांडीवर, असं व्हायला नको. सोमवारच्या वहीत एक रकाना मी मुद्दाम ठेवला आहे: 'या आठवड्यात तुला स्वतःला किती दिवस वापरायला मिळाला?' त्या रकान्यात काय भरलं जातं ते दिवाळीपर्यंत बघू.

पुढचं कामाचं. तीस लॅपटॉप, तीस चार्जर आणि चार जादा चार्जर स्टाफरूममध्ये आहेत, मोजून घ्यावेत. डेडस्टॉक रजिस्टरला ते कोणत्याही एका शिक्षकाच्या नावावर चढवू नयेत, दुरुस्तीची जबाबदारी आपल्या तुकडीकडे आहे, असं पत्र संस्थेच्या नावाने आम्ही दिलं आहे. तीन वर्षांपुरतं. त्यानंतर आपल्याला पुन्हा भेटावं लागेल, म्हणजे मेळाव्याला निमित्तही झालं. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी गावी येतेच, आईकडे. त्या दिवशी दुपारी दोन ते पाच शाळेत बसेन. नववीतल्या ज्या चार-पाच जणांना स्क्रू उघडून आत काय आहे ते बघायचं असेल त्यांनी यावं. एक जुना लॅपटॉप खास उघडण्यासाठीच ठेवला आहे, तो मोडला तरी चालेल.

नियमांचा कच्चा मसुदा दोन पानांचा झाला आहे. मुख्याध्यापकांनी तो आधी मुलांनाच वाचायला द्यावा, कोणता नियम कळत नाही आणि कोणता पाळता येणार नाही हे त्यांच्याकडून लिहून घ्यावं, आणि मग पक्का करावा. एक प्रत मराठीच्या बाईंसाठी वेगळी आणली आहे. बाई, लाल पेन आणलं असेल तर आत्ताच देते. ऱ्हस्व-दीर्घ तुम्हाला सापडतीलच.